राजीनामा कोणाच्या धाकाने?

भ्रष्टाचाराचा आरोप होतो, वृत्तपत्रांत मथळे झळकतात, मंत्री राजीनामा देतो आणि ‘नैतिक जबाबदारी’ हा शब्द चार दिवस सर्वांच्या तोंडी राहतो. महाराष्ट्राच्या राजकारणातील हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागचा मूळ प्रश्न कोणी विचारीत नाही. सत्ताधाऱ्यांची सदसद्विवेकबुद्धी एकाएकी जागी होते, असे मानण्याइतके भाबडे आपण खचितच नाही. मग हे राजीनामे कोणाच्या धाकाने दिले जातात? आणि तो धाक टिकावा यासाठी एका पक्षाची राजवट बरी की अनेक पक्षांची?

वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्त्याला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. पैनगंगा या जिल्ह्यातून वाहते, परंतु येथील बहुसंख्य शेतकरी कोरडवाहू सोयाबीन आणि तुरीच्या भरवशावर जगतो. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशिम या चार जिल्ह्यांचा सिंचनाचा अनुशेष हा राज्यपालांच्या निर्देशांतून वर्षानुवर्षे डोकावत राहिलेला विषय आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ असे गोंडस नाव दिले, तेव्हा महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची निवड झाली त्यांत वाशिम होताच. पाटबंधाऱ्याच्या निविदेतला रुपया मुंबईत गळो वा नागपुरात, पाणी कमी पडते ते रिसोड-मालेगावच्या शिवारात.

प्रथम एकपक्षीय राजवटीचा अनुभव पाहू. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या आणि बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले. सिमेंटचे नियंत्रित वाटप आणि मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानांना मिळणाऱ्या देणग्या यांचा संबंध १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी वृत्तपत्रातून चव्हाट्यावर आणला. विधिमंडळात विरोधकांनी आवाज उठविला. परंतु एवढ्या बहुमतापुढे तो आवाज कितीसा चालणार? अखेर प्रा. प. बा. सामंत यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. हा विजय न्यायासनाचा आणि चिवट नागरिकांचा होता. विधिमंडळाने तो मिळविला नव्हता. त्यांच्या जागी कोण यायचे हेही महाराष्ट्राच्या विधानसभेने ठरविले नाही. बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीहून आले. एका पक्षाच्या हाती निरंकुश बहुमत असले की भ्रष्टाचार हा त्या पक्षाचा घरगुती मामला होऊन बसतो, तो असा.

याच्या उलट दाखला ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याचा आहे. तेथील प्रीमियर निक ग्रायनर यांनी स्वतःच पुढाकार घेऊन भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन केला होता. १९९१ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ९९ पैकी ४९ जागा मिळाल्या, म्हणजे सरकार अपक्षांच्या पाठिंब्यावर आले. जॉन हॅटन, क्लोव्हर मूर आणि पीटर मॅक्डोनाल्ड या तिघा अपक्षांनी पाठिंब्यासाठी मंत्रिपदे मागितली नाहीत. विधिमंडळाच्या कारभारात सुधारणा आणि विधानसभेची निश्चित मुदत अशा मागण्यांचा लेखी करार त्यांनी सरकारशी केला. पुढे एका बंडखोर आमदाराची जागा रिकामी व्हावी म्हणून त्याला सरकारी पद देण्यात आले. १९९२ मध्ये आयोगाने त्या व्यवहारावर ठपका ठेवला. अपक्षांनी बजावले की ग्रायनर जात नसतील तर आम्ही अविश्वासाच्या बाजूने मत देऊ. ग्रायनर यांनी राजीनामा दिला. पुढे अपील न्यायालयाने आयोगाचा निष्कर्ष त्याच्या अधिकाराबाहेरचा ठरविला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मुख्य माणूस गेला तरी सरकार कोसळले नाही, करार मोडला नाही, आणि विधानसभेच्या निश्चित मुदतीवर १९९५ मध्ये जनतेने सार्वमताने शिक्कामोर्तब केले. ‘बहुपक्षीय सरकार म्हणजे अस्थिरता’ या नेहमीच्या ओरडीला याहून चांगले उत्तर कोणते?

म्हणून आघाडी सरकार आले की भ्रष्टाचार आपोआप संपतो, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडचा सिंचनाचा इतिहास नेमका उलटी साक्ष देतो. २००९ मध्ये विदर्भातील ३८ प्रकल्पांच्या खर्चात काही महिन्यांत सुमारे २० हजार कोटी रुपयांची वाढ मंजूर झाली. दहा वर्षांत सिंचनाचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे राज्याच्या आर्थिक पाहणीतून दिसले. त्या वेळी सत्तेवर दोन पक्षांचेच सरकार होते. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा त्याच पदावर आले. ज्या जलसंपदा खात्याची झडती घ्यायची, त्याच खात्याने ती श्वेतपत्रिका लिहिली आणि सिंचन ५.१७ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले! २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने या प्रकरणांत अजित पवार यांच्यावर दायित्व येत नसल्याचे प्रतिज्ञापत्र उच्च न्यायालयात दिले. व्यक्ती दोषी की निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. खर्च फुगत असताना दुसरा सत्ताधारी पक्ष काय करीत होता? खाती वाटून घेतलेली होती. ‘तुझ्या खात्यात मी डोकावणार नाही, माझ्या खात्यात तू डोकावू नकोस’ हा अलिखित करार होता. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. येथे तर तळीच वाटून घेतली गेली.

दोन्ही उदाहरणांतला भेद आता स्पष्ट व्हावा. भागीदार कशासाठी एकत्र आले यावर सारे अवलंबून असते. लेखी आणि जाहीर कार्यक्रमासाठी आले तर ते एकमेकांचे पहारेकरी होतात. सत्तेच्या वाटणीसाठी आले तर एकमेकांचे साक्षीदार होण्याचे टाळतात. १९७८ च्या पुलोद सरकारचा जन्म वसंतदादांचे मंत्रिमंडळ आतून फोडून झाला होता, हा डाग पुसता येत नाही. तरीही समांतर काँग्रेस, जनता पक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष एकत्र असल्यामुळे काही प्रश्न टाळता आले नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ज्यांच्या बळावर सरकार टिकते त्यांना काही म्हणायचे असले, तर सरकारला ऐकावे लागते.

आज सत्तेच्या बाकांवर किती पक्षांच्या पाट्या आहेत, हे मोजून भागणार नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये दोन पक्ष फुटले आणि फुटलेले गट सत्तेत बसले. २०२४ च्या निवडणुकीत तिघांच्या युतीला प्रचंड बहुमत मिळाले. त्यांत एकट्या भाजपच्या १३२ जागा. म्हणजे भाजपखेरीज कोणताही एक भागीदार बाहेर पडला तरी सरकार पडू नये असे गणित जुळले. ज्या भागीदाराच्या जाण्याने काही बिघडत नाही, त्याचा धाक कोण बाळगणार? दुसरीकडे, विरोधी बाकांवरील एकाही पक्षाला एकदशांश जागा मिळाल्या नाहीत. बाकांवर पक्ष अनेक असूनही राजवट एकपक्षीय असू शकते, ती अशी.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? सुरुवात मंत्रालयापासून करण्याची गरज नाही. जानेवारी २०२० च्या निवडणुकीत वाशिम जिल्हा परिषदेत कोणालाच स्वबळावर बहुमत मिळाले नव्हते. अशी वेळ पुन्हा येईल. तेव्हा अध्यक्षपद कोणाला आणि बांधकाम समिती कोणाला एवढ्यावर बोलणी थांबत असतील, तर आपल्या सदस्यांनी तेथून उठून यावे. कामांची निविदा, अंदाजपत्रक आणि मोजमाप ग्रामसभेपुढे मांडले जाईल; चौकशीचे काम संबंधित खाते ज्याच्याकडे आहे त्या पक्षाकडे राहणार नाही; आरोपात तथ्य दिसले तर पदाधिकारी चौकशी संपेपर्यंत पदावर परतणार नाही, एवढ्या तीन अटी कागदावर उतरवून जाहीर सभेत वाचून दाखवाव्यात. पाठिंबा त्यानंतर. आणि अट मोडली की तो काढून घेण्याची तयारी हवी, मग पदरी असलेले सभापतिपद गेले तरी चालेल.

राजीनामे उदंड झाले. १९८२ मध्ये एक गेला, २०१२ मध्ये एक जाऊन परत आला. मंगरूळपीर-मानोऱ्याच्या रानातली विहीर मात्र उन्हाळ्यात जशी कोरडी पडत होती तशीच पडते. ज्याच्या बळावर सरकार उभे आहे, त्याने हिशेब मागितला पाहिजे. आणि त्याने तो मागावा म्हणून त्याच्यामागे जनतेने उभे राहिले पाहिजे. साथींनो, तो धाक वरून कोणी आणून देणार नाही. तो गावागावांतून निर्माण करावा लागेल.