खाटेखालची पाचशे पुस्तकं

गेल्या दिवाळीत एका मित्राच्या गावी गेले होते. कळंब तालुका, जिल्हा धाराशिव (म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद). चहा झाला, गप्पा झाल्या, जरा पाय लांब करावेत म्हणून खाटेखाली सरकवले तर ठण्‌! खोकी. मोजली तर साडेनऊ.

‘‘हे काय रे?’’

‘‘माझं करिअर,’’ तो म्हणाला.

पठ्ठ्या पुण्यात आयटी सपोर्टमध्ये आहे. नाइट शिफ्ट करून तीन वर्षांत त्याने गावाकडच्या गोष्टी लिहिल्या. मग एक ‘पॅकेज’ घेतलं. छपाई, कव्हर, आयएसबीएन, ‘मार्केटिंग’, सगळं मिळून ७५ हजार. अख्खा बोनस! ५०० प्रती छापल्या. पुण्यात हॉल घेऊन दणक्यात प्रकाशन झालं, शाल-नारळ झाले आणि २२ प्रती खपल्या. घेणारे सगळे ऑफिसातले. मार्केटिंग म्हणजे एक पोस्टर निघालं. मग त्याने स्वतः रील केलं. अकरा हजार व्ह्यूज, विक्री ४. घरमालकाने जागेवरून कटकट केली तेव्हा खोकी टेम्पोत घालून गावी आणली. आता आई दर फोनला एकच विचारते, ‘‘पुस्तकं कधी न्यायलास?’’

गंमत करत नाहीये. तो त्या रात्री मला म्हणाला, ‘‘आता लिहायचं बंद. लोकांना विकायलो म्हणून लाज वाटायली.’’ तुमच्यापैकी कितीजणांच्या लॅपटॉपमध्ये एक ‘फायनल_फायनल_२’ नावाची फाइल आहे, मला ठाऊक आहे. म्हणून आजचा कॉलम तुमच्यासाठी, पॅकेजचा चेक फाडायच्या आधी.

आधी हिशेब. पुस्तकाची किंमत २०० रुपये. त्याला एक प्रत पडली १५० ला. वितरक आणि दुकानदार मिळून चाळीस टक्के घेतात असं धरा (काही वेळा जास्तच), म्हणजे त्याच्या हातात १२०. प्रत्येक प्रतीमागे ३० रुपये खड्डा! ५०० च्या ५०० खपल्या तरी १५ हजार बुडाले. म्हणजे पुस्तक सुपरहिट झालं तरी लेखक लॉसमध्ये. हे गणित मी कागदावर मांडत होते तेव्हा त्याचे वडील शेजारी तंबाखू मळत बसले होते. सोयाबीनचा शेतकरी माणूस. पुस्तक त्यांनी उघडलेलंही नसावं. ते म्हणाले, ‘‘आडतीवर टाकलं की भाव त्यांचा. दारात विकलं की भाव आपला.’’ एमबीए-बिमबीए सगळं एका वाक्यात! स्वतःच्या हाताने २०० ला विकलं तर ३७५ प्रतींवर पैसे वसूल, पुढचा नफा.

आणि ‘आयएसबीएन चार्जेस’ म्हणून त्या पॅकेजमध्ये जे पैसे लावले होते ना, तो नंबर भारतात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी तो देते. अर्ज ऑनलाइन, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकही करू शकतो. तेव्हा याचे पैसे कुणी मागितले तर गोड हसा आणि उठा. छपाईचंही तेच. आता डिजिटलवर पन्नास-शंभर प्रतीही निघतात. एक प्रत थोडी महाग पडते, पण खाटेखाली जागा राहते.

बरं, स्वतःच्या हाताने विकायचं म्हणजे कसं? इथेच आपल्या पिढीचा घोळ होतो. आपल्याला वाटतं मार्केट म्हणजे पुणे, मुंबई, इन्स्टा. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि नगरीला नाव संत गोरोबाकाकांचं. मी तेव्हा मास कॉमची स्टुडंट, लेक्चर बंक करून गेले होते. मंडपातल्या भाषणांपेक्षा मला पुस्तकांच्या गाळ्यांवरची माणसं जास्त लक्षात आहेत. धोतर-टोपीतले आजोबा, डीएडच्या मुली, किंमत बघून पुस्तक खाली ठेवणारे आणि पाच मिनिटांनी परत येऊन तेच घेणारे. वाचक इथे नाही असं कोण म्हणतं? याच्या गोष्टी ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं इथेच आहेत, आणि हा कोथरूडमध्ये हॉल बुक करत बसला!

दुसऱ्या दिवशी आम्ही तेरला गेलो, गोरोबाकाकांच्या गावी. ती थापटण्याची गोष्ट आठवतेय? जमलेल्या संतांची डोकी काकांनी मडकी तपासावीत तशी थापटून पाहिली आणि नामदेव कच्चे निघाले. नामदेवांना राग आला, पण मग ते विसोबा खेचरांकडे गेले. मी मित्राला विचारलं, ‘‘तुझं पुस्तक कुणी थापटलं होतं?’’ गप्प. छापायच्या आधी ते फक्त प्रूफरीडरने वाचलं होतं.

मग मी त्याला महात्मा फुल्यांची आठवण करून दिली. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहून झाला, पण पूर्ण पुस्तक छापून यायला फुल्यांच्या निधनानंतरचा काळ उजाडला. त्यांनी मात्र छापण्याची वाट पाहिली नाही. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर असं फिरून लोकांना वाचून दाखवलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं! आपण याला आता ऑथर टूर म्हणतो आणि त्यासाठी एजन्सी लावतो.

तर, डिसेंबरात त्याने गावच्या वाचनालयात एक गोष्ट वाचली. फ्लेक्स नाही, पाहुणे नाहीत, टेबलावर फक्त क्यूआर कोड. साठेक माणसं आली, ३१ प्रती गेल्या. पण खरी मजा नंतर. एक काकू उठल्या, ‘‘बाळा, खुरपायला जायची वेळ चुकवलीस की. दुपारी बारा वाजता कोण रानात जातंय?’’ सगळे हसले. हाही हसला आणि वहीत लिहून घेतलं. मला वाटतं त्या क्षणी त्याची लाज गेली.

बाकीची कामं कंटाळवाणी आहेत, पण करा बॉस. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी निघते, तिच्यासाठी प्रती पाठवा. वाचनालयं खरेदी करताना ती यादी बघतात. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीख जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारून ठेवा. अजून छापलं नसेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आधी बघा, पॅकेज मागाहून. पोस्टाची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा छोट्या लेखक-प्रकाशकांचं धाबं दणाणलं होतं. पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोला १००, वर टॅक्स. कुरिअरवाल्याच्या तुलनेत मस्तच.

आणि प्लीज, ‘सप्रेम भेट’ आवरा. हा आपला खास मराठी रोग. सही करून फुकट दिलेलं पुस्तक वाचलं जातंच असं नाही. दोनशे रुपये मोजलेला माणूस निदान पैसे वसूल करायला तरी दहा पानं उलटतो. मित्रांकडून पैसे घ्यायला कसंसंच होतं, मान्य. पण तेच मित्र दोनशेची कॉफी पितात ना?

इन्स्टा वाईट नाही. फक्त रीलमध्ये ‘माझं पुस्तक घ्या’ म्हणू नका, गोष्ट सांगा. त्या काकूंचं ‘खुरपायची वेळ’ प्रकरण त्याने स्टेटसला टाकलं आणि आजूबाजूच्या चार गावांतून बोलावणं आलं. दोन शाळा, एक महिला बचत गट, एक गणेश मंडळ. वीकेंडला एसटीने येतो, पिशवीत वीस प्रती, वाचतो, विकतो, रविवारी रात्री परत हिंजवडी. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, नवी गोष्ट सुरू केलीय आणि पहिला ड्राफ्ट त्या काकूंना वाचून दाखवणार आहे.

खाटेखाली आता ३२६ उरल्यात. आईने वायदा मागितलाय. या दिवाळीला पाहुणे येणार आहेत आणि फराळाचे डबे ठेवायला जागा हवी.