सिद्धांतांचा तराजू

दोन वैज्ञानिक सिद्धांतांत वाद उद्भवला, की एक निरीक्षण करावे आणि निकाल द्यावा, इतके हे काम सोपे आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः निरीक्षणातून मिळालेला आकडाही पारखून घ्यावा लागतो. विश्वाच्या उत्पत्तीविषयी विसाव्या शतकात झालेला वाद या दृष्टीने उद्बोधक आहे.

दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत, हे एडविन हबल यांच्या १९२९ मधील संशोधनातून दिसून आले. या प्रसरणाचा अर्थ दोन प्रकारे लावण्यात आला. महास्फोट सिद्धांतानुसार विश्व एके काळी अत्यंत घन व उष्ण होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे. उलट, १९४८ मध्ये हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतानुसार विश्वाला आरंभच नाही. प्रसरणाने विरळ होणारी जागा नवे द्रव्य भरून काढते व विश्वाचे रूप सर्वकाळ सारखेच राहते.

त्या वेळी पारडे कोणाचे जड होते? प्रसरणाच्या वेगावरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते. पृथ्वीवरील खडक मात्र त्याहून जुने ठरत होते. लेक आईपेक्षा थोरली कशी असेल? एवढ्यावरून महास्फोट सिद्धांत निकालात काढणे तर्काला धरून दिसले असते. तरीही ते चुकीचेच ठरले असते. कारण दीर्घिकांची अंतरेच कमी मोजली गेली होती, हे १९५२ मध्ये वाल्टर बाडे यांनी दाखवून दिले. दोष मोजपट्टीत होता. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

पुढे १९६५ मध्ये पेन्झियस व विल्सन यांना सर्व दिशांनी सारखेच येणारे मंद सूक्ष्मलहरी प्रारण आढळले. उष्ण आरंभाची ही खूण महास्फोट सिद्धांतात सहज बसत होती. प्रतिपक्षाला तिचा उलगडा करणे अवघड गेले. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाकडे झुकला. म्हणून पराभूत पक्षाचे सारेच श्रम वाया गेले नाहीत. जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतरंगात घडतात, हे हॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये केलेले विवेचन आजही मान्य आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिर स्थितीचा सुधारित सिद्धांत मांडला. तो सर्वमान्य झाला नाही. परंतु असा अभ्यासपूर्ण विरोध मान्य सिद्धांताला आपला पुरावा पुन्हा तपासण्यास भाग पाडतो.

निर्णयास विलंब लागतो, म्हणून सर्वच मते सारख्या योग्यतेची ठरत नाहीत. आपल्याला प्रिय असलेल्या आणि नावडत्या, अशा दोन्ही मतांना एकच वजनमाप लावणे, आणि अधूनमधून ते वजनमापही तपासून पाहणे, हाच खरा वैज्ञानिक न्याय होय. औषधापासून अफवेपर्यंत नाना दावे रोज आपल्यापुढे येतात. त्यांच्याबाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे.