सामंजस्य करार आणि आपल्या मुलांची गुणपत्रिका



दहावीच्या वर्गात आम्ही दरवर्षी विचारतो, "पुढे काय व्हायचं?" भद्रावतीच्या मुलांची उत्तरं ठरलेली असतात. आयुध निर्माणी, कोळसा खाण, नाहीतर अब्बूचं दुकान. यंदा मात्र मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, ऑस्ट्रेलियाची डिग्री आता गडचिरोलीतच मिळते म्हणतात. खरं आहे का?"

आम्ही त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळं झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. 2025 मध्ये या विद्यापीठाने लॉईड्स मेटल्स ही कंपनी आणि ऑस्ट्रेलियातलं कर्टिन विद्यापीठ यांच्यासोबत खाणकामाच्या शिक्षणासाठी करार केला. कर्टिन पर्थ शहरात आहे आणि खाणशास्त्रात त्याचं नाव मोठं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत यॉर्क, ॲबर्डीनसह पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं मिळाली. म्हणजे जग दारात आलं आहे. पण करार झाला म्हणून पदवी हातात येत नाही. मधलं काम विद्यापीठाच्या कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी करायचं असतं.

ते काम कुठून सुरू होतं? आमच्या मते, परीक्षा विभागाच्या खिडकीपासून. आमची एक जुनी विद्यार्थिनी एमएस्सी झाली. बाहेरच्या प्रवेशासाठी तिला सर्व सत्रांच्या गुणांचा सीलबंद उतारा हवा होता. तिने अर्ज केला, चकरा मारल्या, "पुढच्या आठवड्यात या" हे पुन्हा पुन्हा ऐकलं. उतारा मिळाला तेव्हा तिकडची मुदत संपून गेली होती. मुलगी हुशार होती, घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने होकार दिला होता. पुढच्या वर्षी तो होकार राहिला नाही. परदेशी पाहुण्यांसोबत फोटो काढण्याआधी निकाल वेळेवर लागावा, उतारा ठरलेल्या दिवसांत मिळावा, ही पहिली तयारी.

दुसरी तयारी भाषेची. आमची मुलं घरी उर्दू बोलतात, शाळेत मराठी शिकतात. एटापल्लीच्या मुलाची घरची भाषा माडिया असते. ही मुलं एकदम इंग्रजी व्याख्यानात बसवली की ती गप्प होतात, आणि गप्प मुलाला लोक कच्चा समजतात. पहिल्या वर्षी रोज एक तास इंग्रजी बोलण्या-लिहिण्याचा ठेवला, तर हा पूल बांधता येईल.

तिसरी गोष्ट, आपलं बळ ओळखण्याची. पर्थची नक्कल करून गडचिरोली पर्थ होणार नाही. पण सुरजागडचं लोखंड, माजरीचा कोळसा, बांबू, मोहफूल, गोंडी-माडिया भाषा, मेंढा-लेखासारख्या गावाने मिळवलेला सामूहिक वनहक्क, हे शिकायला जगाने इकडे यावं. जो फक्त मागतो त्याच्याशी बरोबरीचा करार कोणी करत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक. खाण आपल्या जमिनीत, धूळ आपल्या छातीत. मग इंजिनिअर बाहेरचा आणि डंपरचा ड्रायव्हर इथला, असं होऊ नये. स्थानिक मुलांना किती जागा, फी किती, मुलींचं वसतिगृह कुठे, हे विद्यापीठाने प्रवेशाच्या आधीच मराठीत जाहीर करावं. भद्रावतीहून गडचिरोली शंभरेक किलोमीटर. वसतिगृहाची खात्री नसेल तर कुठली अम्मी मुलीला पाठवील?

आता थोडं घरचं. सगळा दोष विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. दाखल्यावर "मो.", आधारवर "मोहम्मद", गुणपत्रिकेवर "मोहमद", कुठे शेख पुढे, कुठे मागे. पासपोर्टच्या वेळी हीच गोष्ट आडवी येते. नववीतच सगळे कागद समोर मांडा आणि नाव एकसारखं करून घ्या. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जे नाव जाईल तेच पुढे जन्मभर चालतं. अल्पसंख्याक मुलांसाठी राज्य शासनाची परदेशी शिष्यवृत्ती आता आहे. तिच्या अटी बारावीनंतर नाही, आधी वाचा. प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांना विचारा: उतारा किती दिवसांत मिळतो? विचारणारे पालक वाढले की खिडकीही लवकर उघडते, हा आमचा अनुभव आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला आम्ही सांगितलं, "बेटा, डिग्री तिथे अजून ठेवलेली नाही. वाट मात्र सुरू झाली आहे." त्याने लगेच विचारलं, "मग सर, आधी काय करू?"

आम्ही त्याचा दाखला मागवला. नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. तिथूनच सुरुवात केली.