‘जी’ची टवाळी

नागपूरच्या धंतोलींत आज घरांपेक्षां दवाखान्यांच्या पाट्याच अधिक डोळ्यांत भरतात. उमरेड, तुमसर, ब्रह्मपुरी, वणी, झालेंच तर सीमेपलीकडील बालाघाट व छिंदवाडा येथून आजारी माणसें आणि त्यांच्यामागून शिदोऱ्या घेतलेले नातलग येथें येऊन उतरतात. कोणाची कोणास ओळख नसते. ज्याचा त्याचा जीव आपल्या माणसांत अडकलेला असतो. अशा बाकावर शेजारची बाई विचारते, ‘कोन्या गावच्या जी तुम्ही?’ आणि घटकाभरांत गडवाभर पाणी, चून-भाकरींतील वांटा व औषधाच्या दुकानाचा रस्ता यांची देवघेव सुरू होते. (पश्चिमेकडील वाचकांसाठीं सांगतों : गडवा म्हणजे तांब्या, चून म्हणजे पिठलें.) हें सारें त्या एका ‘जी’नें साधलें असें आम्हीं म्हटलें तर शिष्ट मंडळी हंसतील. त्यांनीं अवश्य हंसावें. परंतु ज्या शब्दास हंसावयाचें त्याचें कुळ तरी आधीं विचारून घ्यावें.

शिष्टांचा आक्षेप असा कीं, ‘जी’, ‘मले’, ‘करून राहिलो’, कोथिंबिरीला ‘सांभार’, ही मराठी नव्हे. हिंदीच्या शेजारानें बिघडलेली बोली आहे. नागपूर ही १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होती; तेव्हां शेजाराचा परिणाम झालाच नाहीं असें कोण म्हणेल? ‘करून राहिलो’ या रूपावर तो असेलही. शेजाऱ्याकडून घेतलेली वाटी घरांत रुळली म्हणजे ती आपलीच होते, हा व्यवहार कोणत्याही भाषेस नवा नाहीं. पण ‘जी’ उसना आहे असें म्हणणारांनीं ज्ञानेश्वरी उघडावी. पहिल्याच ओवींत तो शब्द त्यांस भेटेल. लीळाचरित्रांतील भक्तजन चक्रधरांपुढें ‘जी जी’ म्हणूनच बोलतात, आणि तो ग्रंथ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरांत सिद्ध केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हां ज्यांची छाती फुगली त्यांनींच दुसरे दिवशीं ‘जी’ला गांवढळ म्हणावें, हा न्याय आमच्या बुद्धीपलीकडचा आहे. ताटांतील नागपुरी तर्री मात्र याच मंडळींस नाकाडोळ्यांतून पाणी गाळीत गोड लागते!

कोशकारांस ही अढी नव्हती. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें (१९३२–३८) वऱ्हाडी व नागपुरी शब्दांवर त्यांच्या प्रांताची खूण घातली आणि त्यांना मराठीच्याच पंक्तीस बसविलें. उद्धव शेळके यांनीं ‘धग’ (१९६०) या कादंबरींत वऱ्हाडी माणसांस त्यांच्याच बोलींत बोलूं दिलें. तेवढ्यानें त्यांची व्यथा कोठें अडली नाहीं. ती अडते शाळेंत, रंगभूमीवर आणि दवाखान्याच्या खिडकीपाशीं. ‘मले’ म्हणणाऱ्या पोराला वर्गांत हंसतात; नाटकांत वऱ्हाडी बोलणारा बहुधा गडी, नाहीं तर विदूषक. नाटकांतल्या हंशानें कोणाचा जीव जात नाहीं, हें कबूल. पण खिडकीपाशीं ‘पोट दुखून राहिलं’ म्हणणाऱ्या म्हातारीस कोणी ‘नीट बोला’ असें दरडावलें कीं ती पुढचें सांगतच नाहीं. दुखणें केव्हांपासूनचें, कोणत्या बाजूला, जेवणाआधीं कीं नंतर, असें जें जें डॉक्टरास हवें तें तें तिच्या ओठांआडच राहतें. मग मुलगा तिच्या वतीनें पुस्तकी मराठींत दोन वाक्यें सांगतो, आणि त्यांत तिच्या दुखण्याचा निम्मा भागही येत नाहीं.

कोणी म्हणेल, ज्या शब्दानें जवळचे जुळतात त्याच शब्दानें दूरचे तुटतातही. गडचिरोलीकडील गोंडी बोलणाऱ्यानें या बाकावर काय करावें? हा आक्षेप हलका नाहीं. परंतु त्या माणसास जी काय मराठी येते, ती बहुधा आठवडी बाजारांत कानांवर पडलेली झाडीपट्टीची मराठी होय. त्याला ‘सांभार’ परका असेल, तर ‘कोथिंबीर’ त्याहून परकी आहे. पुस्तकी भाषेची सक्ती करून आपण त्याच्यापुढची भिंत पाडीत नाहीं, तिच्यावर आणखी एक थर चढवितों.

प्रमाण भाषेशीं आमचें वैर नाहीं. हा लेखही तिच्यांतच लिहिला आहे. कायदा, पाठ्यपुस्तक, औषधाची सूचना यांत एक रूप हवेंच. पण लेखणीचा नियम दुखणेकऱ्याच्या जिभेवर बसविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला? केशोबास संस्कृतांत लिहूं लागले तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्यांस अडविलें, तें साध्या बायाबापड्या ज्ञानास मुकतील म्हणून. आज संस्कृताच्या जागीं पुस्तकी मराठी येऊन बसली आहे, आणि बायाबापड्या खिडकीबाहेर उभ्या आहेत त्या उभ्याच.

खिडकीआंत बसणाऱ्या मुलामुलींपैकीं कित्येकांची आजी घरीं ‘मले’च म्हणते. आपली बोली दाराबाहेर ठेवून कामावर यावें, असें त्यांना शाळेपासून शिकविलें आहे. दवाखान्यांच्या चालकांनीं तेवढी शिकवण काढून घ्यावी, आणि ‘कुठून आल्या जी, माय?’ एवढें विचारण्याची त्यांस मोकळीक द्यावी.