चाके नांदेडला, चेसी लातूरला

लातूरच्या एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात माझी मोटारसायकल पाच महिने ताडपत्रीखाली पडून होती. पल्सर १८०, २०१२ साली नांदेडला घेतलेली, एमएच-२६ची. दहा वर्षे ती मी कॉलेजला जाण्यायेण्यासाठी वापरली आणि सेवानिवृत्त झाल्यावर भाच्याला देऊन टाकली. गाडीचे कागद मात्र माझ्याच नावावर राहिले. आपल्याकडे घरातल्या घरात गाडी दिली की कागद बदलण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे या गाडीचे काय करायचे हा प्रश्न माझ्याकडे आला.

भाचा बावीस वर्षांचा आहे. जूनमध्ये तो नांदेडहून लातूरला निघाला होता. लोहा मागे पडले. अहमदपूरच्या अलीकडे एका वळणावर त्याने गाडी जास्तच वेगात घातली, कडेच्या बारीक खडीवरून मागचे चाक घसरले आणि गाडी किलोमीटरच्या दगडावर जाऊन आदळली. खांद्याजवळचे हाड मोडले, पट्टी बसवावी लागली. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून हा लेख गाडीविषयी आहे. चूक रस्त्याची नव्हती आणि दुसऱ्या कोणाचीही नव्हती, हे त्याने स्वतःच सांगितले. त्याबद्दल मला त्याचे कौतुक वाटते.

गाडीचा विमा फक्त तृतीय पक्षाचा होता, म्हणजे आपल्या नुकसानीचा एक पैसाही मिळणार नव्हता. पूर्ण विमा असता तर निर्णय सोपा झाला असता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते आणि मालकाच्या डोक्याचा ताप कमी होतो. येथे हिशेब आमचा आम्हालाच करायचा होता.

घरात तीन मते पडली. बहीण म्हणाली, "दादा, भंगारात घाला ती. मला दारात नको." मेस्त्री म्हणाला, "सर, पंचवीस हजार घाला. नवा रंग देऊ, नवी टाकी बसवू, चाळीसला गिऱ्हाईक आणतो." आणि भाचा, गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत, म्हणाला, "मामा, रस्त्यावर नाही चालवणार आता. आपण हिची ट्रॅकची गाडी करू."

मला हसू आले. लातूर आणि ट्रॅक! पण मग मी त्या तिन्ही मतांवर खरोखरच विचार करू लागलो आणि सर्वांत व्यवहारी वाटणारे मेस्त्रीचे मतच मला सर्वांत वाईट वाटू लागले.

पडलेली गाडी सरळ करणे म्हणजे काय, हे मी त्या शेडमध्ये बसून पाहिले आहे. पुढच्या शॉकपच्या दोन्ही नळ्या काढून काचेवर लोळवल्या. एक गुळगुळीत लोळली, दुसरी थबकत थबकत. रिमचा काठ आत गेला होता. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरा ताणून दोन्ही चाके एका रेषेत येतात का ते पाहिले. हँडल ज्या नळीत फिरते ती चेसीची मान. तिथला रंग खरवडून केसाएवढी तरी भेग दिसते का ते पाहिले. भेग नव्हती. चेसी वाचली होती. पण हे सर्व आम्ही विचारले म्हणून झाले. एरवी वाकडी नळी दाबयंत्रावर सरळ करून परत बसवतात आणि वरून रंग मारतात. घेणारा टाकीची चमक आणि किलोमीटरचा आकडा पाहतो. एखादा चाकूरचा किंवा औशाचा माणूस, मागे बायको, पुढे टाकीवर मूल, अशी ती गाडी चालवणार. ऐंशीच्या वेगाला हँडल थरथरू लागले तर त्याने कोणाकडे पाहायचे? ज्या गाडीवर मी माझ्या भाच्याला बसवणार नाही, ती दुसऱ्याच्या भाच्याला विकायची, हे माझ्याच्याने होईना. मेस्त्रीला तसे सांगितले. तो म्हणाला, "सर, असा विचार केला तर अर्धा बाजार बंद होईल." ते खरेच असावे.

राहिली दोन मते. भंगार किंवा ट्रॅक.

आपल्या भागात शंकरपट पाहिलेल्या माणसाला ट्रॅकची गाडी समजावून सांगायला वेळ लागत नाही. पटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याचे खाणे वेगळे, त्याची निगा वेगळी आणि त्याच्याकडून काम एकच. ट्रॅकच्या गाडीचेही तसेच. तिचा दिवा, इंडिकेटर, आरसे, हॉर्न, स्टँड, मागचा साडीगार्ड, सगळे उतरवतात. पाय ठेवायची जागा मागे आणि वर घेतात, हँडल खाली आणतात, टायर मऊ रबराचे घालतात. इंजिनातले तेल सोडण्याचा बोल्ट ढिला होऊ नये म्हणून त्याला भोक पाडून तारेने आवळतात.

भाच्याने हे सर्व मला उत्साहाने सांगितले तेव्हा मी कारणे विचारली आणि त्यांनी मी चकित झालो. दिवा का काढायचा? गाडी पडली तर काच ट्रॅकवर पसरते आणि मागून येणारा घसरतो. बोल्ट तारेने का बांधायचा? तेल सांडले तर मागून येणारा घसरतो. आरसा का नको? कारण पुढे जाणाऱ्याने मागे पाहायचेच नाही. त्याला सुरक्षितपणे ओलांडण्याची जबाबदारी मागच्याची. सर्वांत वेगवान माणसांची ही जागा, पण तिचे निम्मे नियम दुसऱ्याचा जीव सांभाळण्यासाठी आहेत. आमच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागचा दिवा न लावता अंधारात उभ्या असतात. तिथे असा विचार कोण करतो?

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरची माणसे ४४ टक्क्यांहून अधिक होती. महाराष्ट्राचा आकडा पंधरा हजारांच्या वर होता. हे आकडे पाहिले म्हणजे भाच्याचे म्हणणे पटू लागते: वेग अंगातच असेल तर तो जिथे समोरून ट्रक येत नाही, कडेला दगड नाही आणि रुग्णवाहिका उभी आहे, तिथे जिरवावा. अर्थात ट्रॅक म्हणजे अमरत्व नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर स्पर्धा चालू असताना बेंगळुरूचा अवघ्या तेरा वर्षांचा मुलगा पडून गेला. ही बातमी मी भाच्यासमोर ठेवली. त्याला ती माहीत होती. तो काही बोलला नाही आणि मीही ताणले नाही.

मग खरा प्रश्न आला. ट्रॅक आहे कुठे?

भारतातल्या मोटार शर्यतींचा इतिहास बराचसा मद्रासभोवती फिरतो. तिथल्या मोटर स्पोर्ट्स क्लबने १९५०च्या दशकात शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती भरवायला सुरुवात केली. विमाने उतरेनाशी झालेली ती पट्टी तीनेक दशके देशाची शर्यतीची राजधानी होती. १९९० साली श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टाईला त्यांचा पक्का ट्रॅक झाला, सुमारे पावणेचार किलोमीटरचा. कोईमतूरला २००३ साली करी मोटर स्पीडवे झाला. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला २०११ साली पाच किलोमीटरचा बुद्ध सर्किट झाला. तिथे २०२३ मध्ये मोटोजीपीही झाली. नांदेडहून यांतला चेन्नईचा ट्रॅकही नऊशे किलोमीटरच्या घरात.

आता मराठवाड्याकडे पाहा. वाळूजला १९८५ पासून बजाजचा दुचाकींचा कारखाना आहे. म्हणजे गाड्या आम्ही बनवतो. अहिल्यानगरला व्हीआरडीईचे चाचणी ट्रॅक आहेत, पण ते संरक्षण खात्याचे. लातूर आणि धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत, ज्यांची बहुतेक वर्षे नियमित विमानसेवेविना गेली. शोलावरमला जे जमले ते इथे महिन्यातून एका रविवारी, पेंढ्यांच्या गासड्या लावून, डॉक्टर उभा करून जमण्यासारखे नाही काय? आपण शंकरपटाचे काय केले ते आठवा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, नियम पाळून शर्यत भरवता येते हे आपण बैलांसाठी मान्य केले. पोरांसाठी मात्र अजून नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे फक्त बंदी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक जागी शर्यत लावणाऱ्याला शिक्षा सांगते. ते योग्यच आहे. पण मुलाला 'इथे नको' म्हणणाऱ्याने कधीतरी 'तिथे जा' असेही म्हणावे लागते. तसे कोणी म्हटले नाही की नवा चौपदरी रस्ताच रात्री त्यांचा ट्रॅक होतो.

नेमके इथेच माझे पाऊल अडखळले. पटाचा बैल गोठ्यात बांधून ठेवला तर एके दिवशी तो दावे तोडतो. लातूरच्या शेडमध्ये दिवा नसलेली, हलकी केलेली, तयार गाडी उभी असेल, ट्रॅक नऊशे किलोमीटरवर असेल आणि मित्र म्हणतील, "चल, बायपासवर एक चक्कर मारून येऊ." माझा भाचा नाही म्हणेल? बावीसाव्या वर्षी मी म्हटले नसते. शिवाय अशी बदललेली गाडी रस्त्यावर आणणे कलम ५२ खाली बेकायदा आणि अपघात झालाच तर कागद माझ्या नावाचे.

दुसरा अडथळा पैशाचा. गाडी तयार करायला पंचवीस-तीस हजार. त्याहून अधिक खर्च अंगावरच्या कपड्यांचा: चामड्याचा पोशाख, बूट, हातमोजे, पाठीचे कवच. मग गाडी टेम्पोत घालून चेन्नईला न्यायची आणि आणायची. वर्षातून दोन दिवस चालवायला एवढे करायचे, तर तो पैसा गाडीवर लावावा की माणसावर? तिकडे शिकवणारे लोक तयार गाड्या भाड्याने देतात. नवशिक्याने पहिल्यांदा पडायचे ते त्यांच्या गाडीवरून पडावे. ती पडण्यासाठीच बांधलेली असते.

शेवटी दिवाळीत मी लातूरला गेलो आणि निकाल दिला. तो भाच्याने, बहिणीने आणि मेस्त्रीने मिळून ऐकला.

पहिली गोष्ट, गाडीची नोंदणी रद्द करायची. कलम ५५ प्रमाणे कायमच्या निकामी झालेल्या वाहनाची खबर मालकाने परिवहन कार्यालयाला द्यायची असते. ती मी देणार. म्हणजे परतीचे दोर कापले. ही गाडी पुन्हा कधीही रस्त्यावर येणार नाही, विकली जाणार नाही. दुसरी, चेसी आणि इंजिन लातूरला शेडमध्येच राहतील. दोन्ही चाके मी नांदेडला घेऊन जाणार. मध्ये दीडशे किलोमीटरचा रस्ता. तिसरी, बनवण्याचा खर्च आजच नाही. त्या पैशातून भाच्याने चेन्नईला जाऊन एक दिवसाचे शिक्षण भाड्याच्या गाडीवर घ्यायचे. परत आल्यावरही इच्छा राहिली तर चाके मागायची. मी नाही म्हणणार नाही.

बहीण नाराज झाली. तिला भंगारच हवे होते. मी म्हटले, भंगारात गाडी जाईल, वेग जाणार नाही. तो उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीवर बसेल. तिने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली. ते तिचे उत्तर होते आणि आईचे उत्तर म्हणून मी ते मान्य करतो.

डॉक्टरांनी हात मोकळा केल्यावर जानेवारीत तो गेला. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून चेन्नई. परतताना तो माझ्याकडेच उतरला. जेवताना वेगाबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "मामा, दिवसभर त्यांनी मला कुठं पाहायचं एवढंच शिकवलं. माणूस जिथं पाहतो तिथंच गाडी जाते. अहमदपूरच्या वळणावर मी त्या दगडाकडं पाहत होतो."

मी चाकांचा विषय काढला. ती माझ्या जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवली आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडंच. अजून दोन-चार वेळा त्यांच्याच गाडीवर जातो."

दुसऱ्या दिवशी तो लातूरला निघाला. एसटीने.