परमुलखांतील वाणसामान

परदेशगमनाचा विषय निघाला कीं विमानें, विद्यापीठें व उंच इमारती यांचें वर्णन पुष्कळ ऐकूं येतें. परंतु तेथें पोहोंचलेल्या मनुष्यास पहिल्याच दिवशीं मीठपीठ विकत घ्यावें लागतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें परकेपणाची खरी ओळख वाण्याच्या दुकानींच पटते. आणि धाराशिव जिल्ह्यास ही गोष्ट नवी नाहीं.

१९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. शेजारची बार्शी १९४७ पर्यंत ब्रिटिश अमलाखालीं होती. दोहोंकडे भाषा मराठी, देव तेच, सोयरिकीही त्याच. तथापि बार्शीच्या पेठेंत गेलेला इकडील शेतकरी परमुलखाचाच ठरे. त्याच्या कनवटीस हाली सिक्क्याचा रुपया, तर दुकानदाराचा भाव कलदार रुपयांत. ७ हाली म्हणजे ६ कलदार असा सर्वसाधारण हिशेब असे. अर्थात् १२ कलदारांच्या सामानास १४ हाली मोजावे लागत. ज्यास हें त्रैराशिक तोंडीं करतां येत नसे, त्यास दुकानदाराच्या सचोटीवरच भिस्त ठेवावी लागे. परततांना करोडगिरीचा नाका आडवा येई, तो निराळाच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनें निजामी अंमल संपला. हाली नाणें मात्र त्यानंतरही कांहीं वर्षें व्यवहारांत राहिलें.

आज जिल्ह्यांतील तरुण बार्शीहून पुष्कळ दूर जातात. जर्मनींत रविवारीं बहुतेक दुकानें बंद असतात. पाण्याच्या बाटलीवर अनामत द्यावी लागते व रिकामी बाटली परत केल्यावर ती मिळते. अमेरिकेंत वजन पौंडांत, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅमच्या मापानें चालतें. ज्या जिनसांवर विक्रीकर असेल, त्यांचा कर छापील किंमतींत नसून पैसे देतांना वर चढतो. ज्या ज्वारीवर आमचा जिल्हा पोसला, ती तेथें ‘सॉर्घम’ या नांवानें विकली जाते. नांव ठाऊक नसल्यास पुडा समोर असूनही मनुष्य रिकाम्या हातानें परततो.

यावर कोणी म्हणेल, “देश तसा वेश, परक्यानेंच शिकून घ्यावें.” हें अर्धेंच सत्य होय. परक्यानें अंक, वजनें व जिनसांचीं नांवें शिकावीं, हें योग्यच. परंतु शिकेपर्यंत त्यानें उपाशी राहावें काय? तोंवर त्याचा सांभाळ दुकानदाराच्या व शेजारीं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या वर्तनावर अवलंबून असतो.

हा प्रश्न आमच्या दारींही उभा आहे. परप्रांतांतून मजुरीसाठीं आलेलीं कुटुंबें आमच्याच आठवडे बाजारांत भाजी घेतात. बंद पुड्यावर कमाल किंमत छापलेली असते, तेथें फसवणुकीस जागा थोडी. सुट्या भाजीस व मिरचीस असा छाप नसतो. तेथें ओळखीच्यास एक भाव व भाषा न जाणणाऱ्यास दुसरा, असें झाल्यास ती चतुराई नव्हे, चोरी होय. घासाघीस ही बाजाराची रीतच आहे, असें उत्तर मिळेल. परंतु घासाघीस दोन बोलणाऱ्यांत होते. ज्यास बोलतांच येत नाहीं, त्याच्याशीं कसली घासाघीस?

म्हणून जे पालक व्यापार करितात, त्यांस आमची विनंती आहे कीं, भाव पाटीवर ठळक अंकांत लिहावा आणि काट्याचें तोंड गिऱ्हाइकाकडे असावें. विद्यार्थिमित्रांनीं, कोणी परका दुकानांत अडखळतांना दिसल्यास हंसूं नये; जिनसाचें नांव सांगावें, सुटे पैसे मोजून दाखवावे. यांपैकीं कित्येकांस उद्यां अपरिचित गांवीं पिशवी घेऊन उभें राहावें लागणार आहे. तेथें जी वागणूक मिळावी असें वाटतें, तिची संवय आपल्याच पेठेंत लागली पाहिजे.