परक्यांच्या रणांगणावर

इयत्ता नववीच्या इतिहासाच्या तासास एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, जी लढाई आपल्या देशाची नव्हे तींत स्वखुशीनें जाऊन मरणारा मनुष्य शूर म्हणावा कीं वेडा? तास संपत आला होता. आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. त्या उत्तरानें आमचेंच समाधान झालें नाहीं, म्हणून हे चार शब्द.

१९३६ सालीं स्पेन देशांत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां प्रजासत्ताक सरकारच्या बाजूनें लढण्यास पन्नासांहून अधिक देशांतून सुमारें ३५,००० स्वयंसैनिक धांवून गेले. त्यांत खाणींतले मजूर होते, तसेच कवि व विद्यार्थीही होते. १८७० च्या कायद्यान्वयें असें जाणें गुन्हा ठरेल, असें ब्रिटिश सरकारनें १९३७ च्या आरंभीं बजावलें होतें. तरीही ब्रिटनमधून अडीच हजारांच्या आसपास लोक गेले व त्यांतील सुमारें पांचशें तेथल्याच मातींत राहिले.

एवढ्यावरून अशा सर्वांस सरसकट वीर म्हणावें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. त्याच युद्धांत जनरल फ्रँकोच्या बाजूस आयर्लंडांतून सुमारें ७०० लोक गेले, आणि ते धर्मरक्षणाच्या नांवानें गेले. दुसरे आयरिश याच वेळीं समोरच्या बाजूस लढत होते. आम्हां ख्रिस्ती शिक्षकांस हें लिहितांना संकोच वाटतो, पण तो गिळून लिहिलें पाहिजे. मार्च १९३७ मध्यें ग्वादालाहारा येथें तर इटालियनासमोर इटालियन उभा ठाकला. एकीकडे मुसोलिनीच्या राज्यांतून परागंदा झालेले, दुसरीकडे मुसोलिनीनेंच धाडलेली फौज; आणि त्या फौजेच्या नांवांतही ‘स्वयंसेवक’ हा शब्द होता! अंतःकरण तळमळलें म्हणजे दिशाही अचूक सांपडते असें नाहीं, हें मुलांनीं येथें ध्यानांत घ्यावें.

मग कसोटी कोणती? मनुष्य काय जाणून गेला, आणि गेल्यावर कोणाच्या कामीं पडला, हें आम्ही पाहतों. आपल्या सोलापुरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. नागपुरचे डॉ. चोळकर हेही त्याच पथकांत होते. जपानी आक्रमणाखालीं सांपडलेल्या त्या देशांत वडील वारल्याची वार्ता त्यांस कळली. तरी ते परतले नाहींत. सोबतचे चौघे यथावकाश मायदेशीं आले. कोटणीस आठव्या मार्ग-सेनेंत राहिले, चिनी भाषा शिकले आणि १९४१ मध्यें एका रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या रुग्णालयास नांव होतें डॉ. नॉर्मन बेथून यांचें. हे कॅनडांतील एका पाळकाचे पुत्र. ते आधीं स्पेनमध्यें जखमींस रक्त पुरवीत असत; पुढें चीनमध्यें शस्त्रक्रिया करितांना बोट कापलें, रक्तांत विष भिनलें व १९३९ च्या नोव्हेंबरांत ते वारले. पित्याचा धर्म टाकून ते साम्यवादी झाले होते, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु शोमरोन्याचा दाखला शिकवितांना आम्हांस त्यांचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. कोटणिसांस ९ डिसेंबर १९४२ रोजीं मृत्यु आला. वय अवघें बत्तीस.

यांच्याशेजारीं २०२४ सालीं उघडकीस आलेलें प्रकरण ठेवून पाहावें. आपल्या देशांतील कित्येक तरुण हरकाम्याच्या नोकरीच्या आमिषानें रशियांत नेले गेले, सैन्यांत गुंतविले गेले व युक्रेनच्या आघाडीवर धाडले गेले. कांहीं प्राणांस मुकले. त्यांच्या सुटकेसाठीं आपल्या पंतप्रधानांस मॉस्कोंत शब्द टाकावा लागला. हे स्वयंसैनिक नव्हेत, आणि भाडोत्री म्हणून त्यांस हिणविणें हाही अन्याय होय. ज्यानें स्वतः निवडच केली नाहीं, त्याच्या अंगीं दोष कोणत्या तोंडानें लावावा? दलाल मात्र घरोघरीं गोड बोलत फिरतो. तेव्हां पालकांनीं, मुलगा परदेशीं नोकरीस निघाला असतां, करारपत्र कोणत्या भाषेंत आहे आणि तें त्यास वाचतां येतें काय, एवढें आधीं विचारावें. पगाराचा आंकडा मागाहून.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास वाचून दाखविला. त्यानें शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, “सर, वडील गेल्यावरही ते आले नाहींत; मग त्यांच्या आईचें काय?” या वेळीं तास संपत आला नव्हता, तरीही आम्हांस लागलीच बोलतां आलें नाहीं.